गुन्हा कोठला, न्यायालय कोठले?

भारतीय नौदलाची 'कोलकाता' ही युद्धनौका २३ मार्च २०२४ रोजी मुंबई बंदरास लागली आणि तिने पस्तीस सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या स्वाधीन केले. 'रुएन' नावाचे एक मालवाहू जहाज या टोळीने डिसेंबर २०२३ मध्ये पळविले होते. नौदलाने १६ मार्च रोजी त्याला वेढा घातला, आपले कमांडो विमानातून समुद्रात उतरविले, सतरा खलाशांची सुटका केली आणि चाच्यांना शरण यावयास भाग पाडले. या कामगिरीचे देशभर कौतुक झाले व ते योग्यच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक मूलभूत प्रश्न मागे पडला. हे जहाज मालकीने बल्गेरियाचे, ध्वजाने माल्टाचे. त्यावरील खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला या देशांचे. आरोपी सोमालियाचे. कारवाई झाली ती जागा आपल्या किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार सहाशे किलोमीटर दूर. म्हणजे जहाज आपले नाही, खलाशी आपले नाहीत, आरोपी आपले नाहीत आणि पाणीही आपले नाही. असे असता खटला मुंबईत का व कोणत्या अधिकाराने?

न्यायाचा अधिकार साधारणतः तीन सूत्रांवर उभा असतो. गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयाने तो चालवावा, हे पहिले सूत्र. आरोपी ज्या देशाचा नागरिक असेल त्या देशाला त्याच्यावर खटला भरता येतो, हे दुसरे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या देशालाही काही प्रसंगी तसा अधिकार असतो, हे तिसरे. 'रुएन'च्या बाबतीत यांपैकी एकही सूत्र भारताला लागू पडत नाही. येथे लागू होते ते चौथे आणि सर्वांत व्यापक सूत्र: काही गुन्हे असे असतात की त्यांनी कोणा एका राष्ट्राचा नव्हे, तर अखिल मानवजातीचा अपराध होतो, म्हणून असा गुन्हेगार ज्याच्या हाती सापडेल त्या कोणत्याही राष्ट्राने त्याला शासन करावे. यालाच सार्वत्रिक न्यायाधिकार म्हणतात. या तत्त्वाचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे समुद्रावरील चाचेगिरी. खुला समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही. तेव्हा तेथील दरोडेखोर एक तर कोणाचाच आरोपी नाही किंवा सर्वांचाच आहे. जगाने दुसरा पर्याय स्वीकारला. १९८२ च्या सागरी कायदाविषयक आंतरराष्ट्रीय कराराने ही जुनी रूढी कलमबद्ध केली आणि भारताने १९९५ मध्ये त्या करारास मान्यता दिली.

विसाव्या शतकात या चाच्यांच्या पंक्तीला आणखी काही गुन्हेगार येऊन बसले. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी युद्धकाळातील गंभीर अत्याचार करणाऱ्यास, तो कोणत्याही देशाचा असो, शोधून काढण्याची आणि एक तर स्वतः शिक्षा करण्याची किंवा अन्य देशाच्या हवाली करण्याची जबाबदारी सह्या करणाऱ्या प्रत्येक राष्ट्रावर टाकली. १९८४ च्या छळविरोधी कराराने तेच तत्त्व कोठडीत माणसाला यातना देणाऱ्या अधिकाऱ्यांस लावले. १९६१ मध्ये जेरुसलेम येथे आइकमनवर चाललेला खटला, १९९८ मध्ये स्पॅनिश न्यायाधीशाच्या वॉरंटावरून लंडनमध्ये झालेली चिलीच्या पिनोशेची अटक, २०१६ मध्ये चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याला सेनेगलची राजधानी डाकार येथे झालेली जन्मठेप, आणि जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतील कोब्लेन्झच्या न्यायालयाने सीरियाच्या गुप्तचर खात्यातील अन्वर रस्लान या अधिकाऱ्यास ठोठावलेली जन्मठेप, हे या वाटेवरील ठळक टप्पे होत. दमास्कसच्या तळघरातील अत्याचाराचा निवाडा ऱ्हाईनकाठच्या एका गावात व्हावा, ही पन्नास वर्षांपूर्वी कल्पनाच वाटली असती.

मुंबईचा अनुभव

तत्त्व उदात्त असले तरी ते अमलात आणण्यासाठी कायदा लागतो. आंतरराष्ट्रीय करारावर सही केली म्हणजे आपल्या न्यायाधीशाच्या हाती शिक्षेचे कलम आपोआप येत नाही. ही गोष्ट मुंबईने फार महागात शिकली आहे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोन्द्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज ॲल्युमिनियमचा माल भरून इंडोनेशियाहून जपानकडे निघाले असता चाच्यांनी ते पळविले. त्यावरील सतरा खलाशांना एका तराफ्यात बसवून समुद्रावर सोडून देण्यात आले. दहाएक दिवसांनी थायलंडच्या एका मच्छीमार नौकेने त्यांना वाचविले नसते तर या गुन्ह्याला साक्षीदारही उरला नसता. चाच्यांनी जहाजाला नवा रंग दिला, 'मेगा रामा' असे नवे नाव दिले, नवा ध्वज लावला. नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात आढळले तेव्हा आपल्या तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या नौकेने त्याचा पाठलाग केला आणि नौदलाच्या 'प्रहार' या नौकेने त्यास थांबविले. पंधरा इंडोनेशियन मुंबईत आणले गेले. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, सात वर्षांची सक्तमजुरी. दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात ते आरोपी सुटले. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी या गुन्ह्याची व्याख्याच नव्हती. समुद्रावर गुन्हेगार पकडण्याचे सामर्थ्य आपल्याकडे होते. त्याला बांधण्यासाठी न्यायाचा दोर मात्र आखूड पडला.

यापासून धडा घेऊन लगोलग कायदा व्हावयास हवा होता. तो झाला नाही. २०११ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत नौदल व तटरक्षक दलाने चार कारवायांमध्ये एकशेवीस चाचे पकडले. त्यांपैकी एकसष्ट एकट्या 'वेगा ५' या जहाजावर सापडले. पुन्हा तीच अडचण. अखेर दंड संहितेतील खुनाचा प्रयत्न व अपहरण यांसारखी कलमे, शस्त्रास्त्र कायदा, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा अशी निरनिराळ्या ठिकाणची ठिगळे जोडून आरोपपत्र शिवावे लागले. खटले रेंगाळले. आरोपींची भाषा न्यायालयाला कळेना व न्यायालयाची आरोपींना. शेवटी आरोपींनीच गुन्ह्याची कबुली दिली आणि २०१७ मध्ये सात-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. तोवर त्या शिक्षेचा बहुतेक भाग कच्चे कैदी म्हणूनच भोगून झाला होता. न्याय झाला असे म्हणावे तर तो निकालाआधीच संपत आला होता.

चाचेगिरीविरुद्धचे एक विधेयक २०१२ मध्ये आले आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झाले. दुसरे २०१९ मध्ये मांडले गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने ते संमत केले. फेब्रुवारी २०२३ पासून सागरी चाचेगिरी प्रतिबंधक कायदा अमलात आहे. 'अलोन्द्रा रेनबो' पकडले गेल्यापासून या कायद्यापर्यंत तेवीस वर्षे गेली. 'रुएन'वरील आरोपींवर याच कायद्याखाली कारवाई सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, 'अल-कंबर' ही इराणी मच्छीमार नौका पळविणारे आणखी नऊ चाचे मुंबईत आणले गेले. त्या नौकेवरून सोडविलेले तेवीस मच्छीमार पाकिस्तानचे नागरिक होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. सार्वत्रिक न्यायाचा खरा अर्थ अशा वेळी उलगडतो. तेथे पीडिताचे पारपत्र विचारले जात नाही.

पुसदला याचे काय?

"त्या परदेशी चाच्यांना आपल्या पैशाने का पोसायचे?" हा प्रश्न वर्गातील विद्यार्थी विचारतात आणि बाजारपेठेतील सुजाण माणसेही विचारतात. चोहोबाजूंनी डोंगर असलेल्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या तालुक्यात हा प्रश्न उठावा यात नवल नाही. प्रश्न अर्थशास्त्राचा असल्याने त्याचे उत्तरही अर्थशास्त्राच्या परिभाषेत द्यावयास हवे.

जहाजमालक व विमा व्यवसाय यांच्या संघटनांनी चाचेगिरीचे 'धोक्याचे क्षेत्र' आखले होते. २०१० मध्ये त्याची पूर्वसीमा अठ्ठ्याहत्तर रेखांशापर्यंत वाढविली गेली. नकाशा काढून पाहावा: ती रेषा उत्तरेकडे वाढविली तर पुसद आणि यवतमाळ यांच्या मधून जाते. याचा अर्थ, आपला सबंध पश्चिम किनारा त्या क्षेत्रात सापडला आणि तेथे ये-जा करणाऱ्या जहाजांना विम्याचा वाढीव हप्ता, सशस्त्र पहारेकऱ्यांचा खर्च आणि वळसा घालून जाण्याचे इंधन हे सारे सोसावे लागले. भारताने पाठपुरावा केल्यावर २०१५ मध्ये ती सीमा पासष्ट रेखांशापर्यंत मागे हटली आणि १ जानेवारी २०२३ रोजी ते क्षेत्रच रद्द झाले. जागतिक बँकेने २०१३ मध्ये सोमाली चाचेगिरीमुळे जागतिक अर्थव्यवस्थेला पडणारा भुर्दंड वर्षाकाठी सुमारे अठरा अब्ज डॉलर इतका असल्याचा अंदाज केला होता. हा भुर्दंड जहाजमालक आपल्या खिशातून देत नाही. तो जहाजभाड्यात चढतो. भाडे मालाच्या किमतीत चढते. कपाशीला घालावयाचे पालाशयुक्त खत जवळजवळ सर्व समुद्रमार्गे बाहेरून येते; आपली सोयापेंड आणि रुईच्या गाठी समुद्रमार्गेच बाहेर जातात. येताना वाढलेले भाडे शेतकरी खताच्या किमतीत भरतो आणि जाताना वाढलेले भाडे त्याच्या सोयाबीनच्या भावातून कापले जाते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि जगातील आरमारांचे लक्ष तिकडे वळलेले पाहून सोमाली चाच्यांनी पुन्हा डोके वर काढले. तेव्हा समुद्रावरील सुरक्षितता ही पुसदच्या बाजार समितीपासून वाटते तितकी दूर नाही.

मग प्रत्येक राष्ट्र उत्साहाने चाचे पकडून त्यांच्यावर खटले का भरत नाही? येथे पांदण रस्त्याचे उदाहरण घ्यावे. पांदण सर्वांच्या शेताला लागते. ती दुरुस्त झाली तर बैलगाडी सर्वांचीच नीट जाईल. परंतु मुरूम एकाने टाकला तरी लाभ सर्वांनाच होणार असल्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट पाहतो आणि पांदण चिखलातच राहते. अर्थशास्त्रात यास सार्वजनिक वस्तूचा पेच म्हणतात. समुद्रावरील न्याय ही अशीच जागतिक पांदण आहे. चाचा पकडणे एक वेळ सोपे. त्याला शेकडो मैलांवरून आणणे, दुभाषा शोधणे, साक्षीसाठी चार देशांचे खलाशी गोळा करणे, वर्षानुवर्षे त्याला पोसणे आणि शिक्षेनंतर त्याचे काय करावयाचे ते ठरविणे हे खर्चाचे काम. म्हणूनच सोमाली चाचेगिरीच्या ऐन भरात कित्येक बलाढ्य आरमारांनी चाच्यांची हत्यारे समुद्रात फेकून त्यांना परत किनाऱ्यावर सोडून देण्याचा मार्ग पत्करला. २००९ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांनी केनियाशी करार करून खटल्यांचे ओझे त्या गरीब देशाच्या अंगावर टाकले. वर्षभरातच केनियाने, आमची न्यायालये व तुरुंग यांना हे झेपत नाही, असे कळविले. श्रीमंतांची जहाजे, गरिबांचे तुरुंग, अशी ही श्रमविभागणी होती. या पार्श्वभूमीवर भारताने चाच्यांना मुंबईत आणून खटला भरण्याचे ठरविले, यास केवळ लष्करी पराक्रम म्हणून चालणार नाही. सर्वांच्या पांदणीवर आपल्या गाडीतून मुरूम टाकण्याचे ते काम आहे.

तथापि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने आणखी एक हिशेब मांडावयास हवा. जागतिक बँक व संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासाप्रमाणे २००५ ते २०१२ या काळात सोमालियाच्या परिसरात सुमारे चौतीस ते एकेचाळीस कोटी डॉलर इतकी खंडणी दिली गेली. यातील मोठा वाटा भांडवल घालणाऱ्यांच्या पदरी पडला. होडी, इंधन, हत्यारे यांसाठी पैसा लावणारा माणूस किनाऱ्यावर किंवा दूरच्या एखाद्या शहरात बसलेला असतो. शिडी लावून जहाजावर चढणारा पोरगा बहुधा कोळी किंवा बेकार असतो. ऊसतोड कामगाराला उचल देणारा मुकादम आणि फडात कोयता चालविणारा मजूर यांच्यातील अंतर आपल्या भागात कोणास सांगावयास नको. मुंबईच्या पिंजऱ्यात उभे असतात ते कोयतेवाले. सार्वत्रिक न्यायाची व्याप्ती खऱ्या अर्थाने सार्वत्रिक व्हावयाची तर ती पैशाच्या वाटेने त्या सावकारापर्यंत पोहोचावयास हवी. एरवी १९९१ मध्ये राज्यसंस्था कोसळलेल्या देशातून नवी पोरे मिळणे भांडवलदाराला मुळीच कठीण नाही.

चाचा कोणास म्हणावे?

या तत्त्वाविषयी आपल्या मनात एक जुना संशय आहे आणि तो निराधार नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात कान्होजी आंग्रे यांची नोंद 'चाचा' म्हणून होत असे. वास्तविक ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते आणि आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांना परवाना घ्यावयास लावणे हा त्यांच्या राज्याचा अधिकार होता. पोर्तुगीजही आपला परवाना इतरांवर लादतच होते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली आणि ते हात चोळत परतले. ज्यांना कंपनीने चाचा म्हटले त्यांचेच नाव आज मुंबईतील नौदलाच्या तळास आहे. परवाना पोर्तुगीजांचा असला तर तो कायदा आणि कान्होजींचा असला तर ती चाचेगिरी, असा हा न्याय होता.

पुढे १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेय बंदरात जहाजातून उडी घेतली व त्यांना फ्रान्सच्या भूमीवर पकडून परत दिले गेले. ते प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले तेव्हा, त्यांच्या अटकेत अनियमितता घडली हे मान्य करूनही त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्णय फेब्रुवारी १९११ मध्ये लागला. दोन साम्राज्यांच्या त्या वादात ज्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता तो माणूस पक्षकारही नव्हता. १९४८ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत जेत्यांनी जितांवर चालविलेल्या न्यायाला आव्हान दिले, त्यामागेही वसाहतीतील माणसाचा हाच अनुभव होता.

आजचे चित्रही अगदी वेगळे नाही. बेल्जियमने १९९३ मध्ये असा कायदा केला की जगातील कोणत्याही युद्धगुन्हेगारावर तेथे खटला चालावा. आफ्रिकेतील आरोपींपुरते ते चालले. परंतु तक्रारी अमेरिकेच्या नेत्यांविरुद्ध जाऊ लागताच अमेरिकेने नाटोचे मुख्यालय ब्रुसेल्समधून हलविण्याचा इशारा दिला आणि २००३ मध्ये बेल्जियमने आपला कायदा आखडून घेतला. स्पेननेही २०१४ मध्ये तेच केले. बळी तो कान पिळी, हा नियम न्यायालयाच्या दारातही सुटत नाही.

आपल्या मच्छीमारांचा अनुभव तर ताजा आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि दोन निरपराध भारतीय मच्छीमार प्राणास मुकले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने सांगितले की ते सैनिक इटलीचे सरकारी सेवक असल्याने भारत त्यांच्यावर खटला चालवू शकत नाही. भारताला नुकसानभरपाई मात्र मिळावी. दहा कोटी रुपये भरले गेले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येथील खटला बंद केला. सोमाली कोळ्याला कोणाचे कवच नाही. इटालियन सैनिकाला आहे.

हे सर्व खरे असूनही यातून, सार्वत्रिक न्यायाधिकारच नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तराजूत खोट निघाली म्हणून कोणी बाजार समिती बंद करीत नाही. तराजू तपासण्याची मागणी करतो. आणि ती मागणी करण्याचा अधिकार ज्याचा स्वतःचा तराजू चोख आहे त्यालाच असतो. येथे आपण स्वतःकडे पाहावयास हवे.

आपला तराजू

जिनिव्हा करारांना अनुसरून भारताने १९६० मध्ये कायदा केला. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे करारांचा गंभीर भंग करणारी कोणतीही व्यक्ती, भारतात असो की भारताबाहेर, शिक्षेस पात्र आहे. म्हणजे सार्वत्रिक न्यायाधिकार आपल्या कायद्यात साठहून अधिक वर्षे आहे. पण त्याच कायद्याचे सतरावे कलम सांगते की सरकारने तक्रार केल्याखेरीज न्यायालयाने अशा गुन्ह्याची दखल घेऊ नये. कुलूप न्यायालयाला, किल्ली सरकारजवळ.

या कायद्याचा कस गोव्यात लागला. गोवा मुक्त झाल्यावर फादर मोंतेरो या धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले. वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर देश सोडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही आणि त्यांना शिक्षा झाली. व्याप्त प्रदेशातील रहिवाशास बाहेर काढता येत नाही, असा जिनिव्हा कराराचा आधार त्यांनी घेतला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी १९६९ मध्ये दिलेल्या निकालात सांगितले की गोवा भारतात विलीन झाल्यावर 'व्याप्त प्रदेश' ही स्थिती संपली. शिवाय हा कायदा व्यक्तीला न्यायालयाचे दार ठोठावण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही, तो उल्लंघनास शिक्षा सांगून अप्रत्यक्ष संरक्षण देतो. निकाल गोव्यापुरता योग्यच होता. परंतु शिक्षेची किल्ली सरकारपाशी असेल आणि नागरिकाला हक्क नसेल, तर ते अप्रत्यक्ष संरक्षण कागदावर किती उरते, हा प्रश्न राहतोच.

पुढची यादी अधिक अस्वस्थ करणारी आहे. वंशसंहारविरोधी कराराला भारताने १९५९ मध्ये मान्यता दिली. त्याप्रमाणे देशात कायदा मात्र केला नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली. त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले छळ प्रतिबंधक विधेयक पुढे बाद झाले आणि २०१७ मध्ये विधी आयोगाने कायद्याचा मसुदा देऊन केलेली शिफारस तशीच पडून आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम करारावेळी भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार, दहशतवाद व अण्वस्त्रे वगळणे यांवरील आपले आक्षेप विचारार्ह होते. पण परकीय न्यायालय नको असेल तर आपले न्यायालय तरी सज्ज हवे. ते नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, १९८४ च्या दिल्लीतील शीख हत्याकांडातील एका प्रकरणात सज्जनकुमार यांना दोषी ठरविताना, दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की वंशसंहार व मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशांतर्गत कायद्यात नाहीत आणि ही त्रुटी दूर व्हावयास हवी. त्यानंतर पाच वर्षांनी संसदेने सबंध दंड संहिता बदलून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आणली. त्रुटी जेथल्या तेथेच राहिली.

याचा सरळ अर्थ असा की मालवाहू जहाज लुटणारा परकी माणूस आपल्या न्यायालयात येऊ शकतो. पण हजारो माणसांच्या कत्तलीची आखणी करून भारतात येऊन राहिलेला परकी अधिकारी त्याच तत्त्वाने येथे उभा करता येत नाही. मालाची किंमत कायद्याला समजली. माणसाची अद्याप समजावयाची आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने मालाचे महत्त्व कमी लेखू नये हे मान्य. परंतु बाजारात ज्याला भाव नाही अशा वस्तूंसाठीच तर कायदा लागतो.

काय करावे?

पहिली गोष्ट, राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ ने आंतरराष्ट्रीय करारांसाठी कायदे करण्याचा अधिकार संसदेस दिला आहे, तो वापरून वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि छळ यांची व्याख्या करणारा कायदा करावा व तो प्रथम आपल्याच भूमीवर लागू करावा. आपल्या गुन्हेगारास स्वतः शिक्षा करणाऱ्या राष्ट्राला परकीय न्यायालयाची भीती बाळगण्याचे कारण राहत नाही. सार्वभौमत्वाचे सर्वांत भक्कम रक्षण हेच आहे.

दुसरी गोष्ट, परदेशात घडलेल्या गुन्ह्याच्या खटल्यास सरकारची संमती असावी, हे समजण्यासारखे आहे. अन्यथा प्रत्येक राजकीय वैर न्यायालयात येईल. परंतु संमती नाकारताना कारणे लेखी द्यावीत व त्यांची तपासणी उच्च न्यायालयास करता यावी.

तिसरी गोष्ट, नव्या चाचेगिरी कायद्याविषयी. आरोपीजवळ हत्यारे सापडल्यास काही परिस्थितीत त्याने गुन्हा केला असे गृहीत धरावे व निर्दोषत्व त्याने सिद्ध करावे, अशी तरतूद त्यात आहे; आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत, जीव घेतला गेल्यास मृत्युदंडापर्यंत जाते. ज्याला खटल्याची भाषा येत नाही, ज्याचे साक्षीदार समुद्रापार आहेत, त्याच्यावर असे ओझे टाकावयाचे तर सक्षम दुभाषा, वकील आणि ठरावीक मुदतीत निकाल यांची हमी राज्याने द्यावयास हवी. अनुच्छेद २१ जीविताचे संरक्षण 'नागरिकास' नव्हे तर 'व्यक्तीस' देतो. सोमाली आरोपी त्याबाहेर नाही. कोणाला जन्माने गुन्हेगार ठरविण्याचे परिणाम या तालुक्याइतके फारच थोड्यांनी भोगले असतील. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध समाजांवर शिक्का मारला, तो १९५२ मध्ये पुसला गेला. आपला बंजारा समाज राज्याच्या यादीत विमुक्त जातींत का गणला जातो हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा सोमाली म्हणजे चाचा असे समीकरण निदान आपण तरी मांडू नये. कृत्य सिद्ध व्हावे, मग शिक्षा व्हावी.

आणि शेवटची गोष्ट खर्चाची. ज्या देशांची जहाजे या सुरक्षिततेचा लाभ घेतात त्यांनी खटले, तुरुंग व आरोपींची परतपाठवणी यांच्या खर्चात वाटा उचलावा, असा आग्रह भारताने आंतरराष्ट्रीय मंचावर धरावा. मुरूम आपण टाकला. पांदणीवरून जाणाऱ्या इतर गाड्यांनीही आपापली घमेली आणावीत, ही मागणी वाजवीच आहे.

मुंबईत हे खटले कसे चालतात याकडे पुढील काही वर्षे जग पाहणार आहे. ते जलद व निर्मळ चालले तर उद्या मोठ्या गुन्ह्यांबाबत बोलण्याचा नैतिक अधिकार भारतास प्राप्त होईल. ते २०११ च्या खटल्यांप्रमाणे रेंगाळले, तर समुद्रावर जिंकलेली लढाई न्यायालयाच्या पायरीवर हरल्यासारखे होईल. आणि त्या पराभवाचे खापर मात्र कोणत्याही परकीय शक्तीवर फोडता येणार नाही.